आमचा पॉप म्हणजे पोपट

नव्वदच्या दशकातल्या पॉपचा विषय निघाला की आमच्या ऑफिसात एक ठरलेली यादी बाहेर येते. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', लकी अलीचा 'सुनो', युफोरिया, सिल्क रूट, कलोनियल कझिन्स. मग मिलिंद सोमणचा एखादा किस्सा, आणि शेवटी कुणीतरी म्हणणार, "काय दिवस होते यार, आता तसं पॉप होत नाही." बरेच दिवस मी अशा वेळी मान डोलवायचो. मागच्या दिवाळीआधी एकदा राहवलं नाही. म्हणालो, "ते आपलं पॉप नव्हतंच. नव्वदीतला महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा पॉप सिंगर म्हणजे आनंद शिंदे."

टेबलावर हशा पिकला. एकानं पोपटाच्या गाण्याची चाल तोंडानं वाजवून दाखवली. मी गंमत करत नव्हतो, पण हसणाऱ्यांत मीही सामील झालो. ते वाक्य तिथंच अर्धं राहिलं.

पॉप कशाला म्हणायचं? गिटार असली की पॉप, असं काही नसतं. यंत्रावर हजारोंनी छापलं जाणारं, चार-पाच मिनिटांत संपणारं, स्वस्तात मिळणारं, तरण्या पोरांना नाचवणारं आणि थोरांच्या कपाळावर आठ्या आणणारं गाणं, ते पॉप. या कसोटीला 'नवीन पोपट हा' उतरतं, आणि 'मेड इन इंडिया'पेक्षा जास्त गुणांनी उतरतं. 'मेड इन इंडिया' १९९५ साली आलं ते केबलवर. आमच्या अहमदपूर तालुक्यातल्या गावात तेव्हा केबलची वायर नव्हती. अण्णा सांगतात, एका घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यावर दूरदर्शन, तेही लाइट असली तर. पण टेपरेकॉर्डर मात्र होते. जीपमध्ये होते, पानटपरीवर होते, पिठाच्या गिरणीत होते. ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रॅक्टरवर होते. इंडिपॉप हे मोठ्या शहरांतल्या, केबल परवडणाऱ्या घरांचं संगीत होतं. छान होतं, मलाही लकी अली आवडतो. पण त्याला 'देशाचं पॉप' म्हणणं म्हणजे अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपला गाव म्हणणं.

मुळात टेपरेकॉर्डरच्या आधी गाणं कुणाचं वाजणार हे फार थोडे लोक ठरवत होते. रेकॉर्ड छापायची तर ग्रामोफोन कंपनी, म्हणजे एचएमव्ही, आणि तिचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला. रेडिओ सरकारचा. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. हे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे भक्त. त्यांना हिंदी सिनेमाची गाणी सवंग वाटायची, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. बिनाका गीतमाला मोठी झाली त्यात केसकरांचा वाटा अमीन सायानींच्या खालोखाल मानायला हवा. केसकरांचं मत लोकांना मान्य नव्हतं, पण त्यांच्या हातात ट्रान्समीटर होता. लोकप्रिय नसलेलं मत आणि सत्ता असलेलं मत यात फरक असतो. मी टेबलावर बोललो ते पहिल्या जातीचं.

कॅसेट फिलिप्सनं १९६३ साली आणली, पण आपल्याकडे ती खरी पसरली सत्तरच्या दशकाच्या शेवटी. आखातात कामाला गेलेले लोक येताना टू-इन-वन घेऊन यायला लागले, मग इथंही तयार व्हायला लागले. १९८३ साली टी-सिरीज सुरू झाली. कॅसेटचं वेगळेपण आवाजाच्या दर्जात नव्हतं, तो रेकॉर्डपेक्षा वाईटच. वेगळेपण हे, की तिला दमदम लागत नव्हतं. एका खोलीत चार-सहा डेक मांडून प्रती काढता यायच्या. रेकॉर्ड काढायची तर गिऱ्हाईक देशभरातलं हवं. कॅसेटला चार जिल्ह्यांचं पुरे. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारतात हे कसं घडलं ते सविस्तर लिहिलंय. ते वाचताना मला सारखी आमच्या एसटी स्टँडसमोरची कॅसेटची दुकानं दिसत होती, जी मी पाहिली तेव्हा मोबाइल रिचार्जची दुकानं झाली होती.

त्या चार जिल्ह्यांच्या गिऱ्हाइकाला गाणारे आधीपासून तयार होते. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी तमाशाचा साचा घेऊन आंबेडकरी जलसे उभे केले होते. गण, गवळण यांच्या जागी वाचन, पाणवठा, मनुस्मृती हे विषय आले. पुढे वामनदादा कर्डक आले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षर ओळखायला शिकलेला हा माणूस गावोगाव फिरून गाणी लिहीत राहिला, गात राहिला. मग गायन पार्ट्या झाल्या, त्यांनी कव्वालीचा मुकाबला उचलला. रात्रभर दोन पार्ट्या समोरासमोर, सवाल-जवाब, पब्लिक मधोमध. आमचा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कंधारला दर्गा आहे, नांदेडात उर्दू आजही रस्त्यावर ऐकू येते. त्यामुळे आमच्याकडच्या कानाला कव्वाली परकी नव्हतीच.

प्रल्हाद शिंदे या मुकाबल्याच्या दुनियेतून आले. जन्म १९३३चा. सुरुवातीला ते इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला होते. हे आझाद म्हणजे १९५८च्या 'अल हिलाल' सिनेमातल्या त्या प्रचंड गाजलेल्या कव्वालीचे गायक. शिंद्यांचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. वरच्या पट्टीत, थोडा खरखरीत, माइक नसला तरी मागच्या रांगेपर्यंत जाणारा. मला तो आवाज आधी कळला आणि माणूस फार नंतर.

कारण आमचं घर मारुतीच्या पारापासून तिसरं. देवळावर भोंगा होता. पहाटे पाचला 'पाऊले चालती' लागायचं. दत्ता पाटलांचं गीत, मधुकर पाठकांची चाल, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज. एकादशीला तर दिवसभर. आबा, म्हणजे माझे आजोबा, माळकरी. त्यांना गवयाचं नाव विचारलं असतं तर बहुतेक "देवाचा माणूस" म्हणाले असते. आणि एप्रिलमध्ये गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्ध वस्तीत, कर्णा लागायचा. चौदा तारखेच्या आधीपासून. त्यावरही हाच आवाज. लहानपणी मला वाटायचं तिकडे पण देऊळ आहे.

मी सहावी-सातवीत असेन. अण्णांच्या टेपला एक कॅसेट सापडली, कव्हर नव्हतं, मी लावली. शिंदेच होते, पण गाणं बाबासाहेबांचं. एक कडवंही झालं नसेल, तेवढ्यात आबा ओसरीवरून ओरडले, "काय वाजवूलालास बे? बंद कर ते." मी म्हणालो, आबा, देवळातलेच आहेत ते. आबा काही बोलले नाहीत. उठून आले आणि त्यांनी बटण दाबलं. मारलं नाही, रागावलेही नाहीत फारसे. आम्ही मराठा. घरात कुणी कधी जातीवर भाषण दिलं नाही. बटण दाबायचं कुठं ते मात्र सगळ्यांना माहीत होतं.

जो आवाज मंदिराच्या शिखरावरून गावाला उठवत होता, त्या आवाजाच्या माणसाला त्याच गावात गाभाऱ्यापर्यंत कितपत जाता आलं असतं, हा प्रश्न मला पंचविशीत पडला. भोंगा जात विचारत नव्हता. कॅसेटीवर कव्हर नसलं की आम्हीही विचारत नव्हतो.

आनंद शिंदे हे प्रल्हाद शिंद्यांचे चिरंजीव. ऐंशीच्या दशकात त्यांचं पोपटाचं गाणं आलं आणि कॅसेटी अशा खपल्या की वरातीत ते वाजलं नाही तर लग्न लागलं नाही असं समजायचे. मिलिंद शिंदे आणि ते मिळून भीमगीतं, लोकगीतं, भक्तिगीतं, सगळं गायले. म्हणजे एका घरानं एकाच वेळी देऊळ, वरात आणि जयंती, तिन्ही सांभाळलं. पुढे आदर्श शिंदे सिनेमात आला. एल्विस प्रेस्लेनं गॉस्पेलही गायलं आणि कमरेनं अमेरिकेला घोरही लावला, यावर पुस्तकं निघालीत. आमच्याकडे याच गोष्टीवर निघाले ते पोपटाचे विनोद.

वाद्याचीही तीच गत. गायन पार्टीत हार्मोनियम-ढोलकीसोबत बँजो असतो. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग, त्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो, नागोयात १९१२च्या सुमाराला बनलेला. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, अँप्लिफायरला जोडला, आवाज फाटेपर्यंत चढवला. विजेवर चालणारं, जोरात फाटणारं, गरिबाच्या हातातलं तंतुवाद्य. रॉक गिटारची याहून वेगळी व्याख्या मला तरी सांगता येत नाही. २०१६ साली यावर हिंदी सिनेमाही आला, 'बँजो'. दिग्दर्शक रवी जाधव, हिरो आमच्या लातूरचा रितेश देशमुख. पडला. त्यातही वस्तीतल्या पोरांच्या वाद्याची किंमत ओळखायला न्यूयॉर्कहून मुलगी यावी लागते, ते एक वेगळंच.

नांदेडला हॉस्टेलला गेलो तेव्हा माझ्या मेमरी कार्डात पाच फोल्डर होते. गावच्या मोबाइलवाल्यानं भरून दिलेले: हिंदी, डीजे, भक्ती, शिवजयंती, लोकगीत. सहावा फोल्डर त्याच्या कॉम्प्युटरवर होता, 'भीमगीत', पण तो मला विचारायचाच नाही. आडनाव माहीत असायचं. एकाच गायकाच्या फायली तीन फोल्डरांत वाटलेल्या, आणि गिऱ्हाइकाच्या घरावरून कुठला कॉपी करायचा ते ठरलेलं. पुढे डेटाबेस शिकलो तेव्हा गावाची रचना इतकी स्वच्छ मांडलेली दुसरीकडे कुठं दिसली नाही.

हॉस्टेलला पहिल्याच आठवड्यात कळलं की यातलं काहीच चालणार नाही. सीनियरच्या खोलीत पिंक फ्लॉइडचं पोस्टर, काळ्यावर त्रिकोणी लोलक. 'हॉटेल कॅलिफोर्निया' गिटारवर न वाजवता येणारा माणूस गिटारवाला नव्हे. मी रात्रीत डीजे आणि लोकगीत डिलिट केलं, लेड झेपलिन भरलं. शब्द कळत नव्हते. कुणालाच कळत नव्हते, आणि तोच त्यातला मान होता. आमचं मराठी गाणं सवंग का, तर त्याचा अर्थ लगेच कळतो!

शब्द कळायला लागले ते थर्ड इयरला, इंटरनेटवर शोधून. आणि मग मोठी गंमत झाली. लेड झेपलिनचं १९६९चं 'द लेमन साँग' हे लिंबू पिळण्यावर आहे, आणि ते लिंबू लिंबू नव्हे. पोपट जितका पोपट, तितकंच ते लिंबू. ती ओळ रॉबर्ट जॉन्सन या १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी वारलेल्या काळ्या ब्लूज गायकाकडून आली. म्हणजे द्व्यर्थी गाणं मिसिसिपीचं असलं की 'ब्लूज परंपरा' आणि मराठीत असलं की 'चीप'. गोऱ्या बँडांनी या परंपरेतून किती उचललं यावर कोर्टकज्जे झाले. 'होल लोटा लव्ह'साठी विली डिक्सननी १९८५ साली दावा लावला, तो कोर्टाबाहेर मिटला, आणि श्रेयात त्यांचं नाव आलं. रोलिंग स्टोन्सनी तर स्वतःचं नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं, आणि सांगूनही घेतलं.

मला यातला एक तपशील विसरता येत नाही. अमेरिकेतल्या कंपन्या काळ्या लोकांची गाणी 'रेस रेकॉर्ड्स' या वेगळ्या खणात विकायच्या. १९४९ साली 'बिलबोर्ड' साप्ताहिकानं आपल्या यादीचं ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. त्याच खणातून बिग मामा थॉर्नटनचं 'हाउंड डॉग' १९५३ साली आलं, आणि तीन वर्षांनी एल्विसनं तेच गायल्यावर ते अख्ख्या देशाचं झालं. आमच्या मोबाइलवाल्याचा सहावा फोल्डर म्हणजे रेस रेकॉर्ड्स. त्याचं नाव अजून कुणी बदललेलं नाही.

माझ्या मताला एक भोक आहे, ते मीच दाखवतो. या द्व्यर्थी गाण्यांत बाई बहुतेक वेळा गंमतीची वस्तू असते, आणि वरातीत ती गाणी लागली की माझ्या बहिणी आत निघून जायच्या. ते मला तेव्हाही दिसत होतं. पण मग स्टोन्सच्या १९७१च्या 'ब्राउन शुगर'चंही बोलू. गुलाम स्त्रीवरच्या त्या गाण्यावर पन्नास वर्षं स्टेडियम नाचली, २०२१च्या दौऱ्यात ते वगळलं. एकाला इतिहास म्हणून माफी आणि दुसऱ्याला थेट हद्दपारी, एवढीच माझी तक्रार.

आता जे लिहितोय ते टेबलावर बोललो नव्हतो.

फर्स्ट इयरला माझा रूममेट नायगाव तालुक्यातला होता. बौद्ध. त्याची रिंगटोन भीमगीताची होती, आनंद शिंद्यांच्या आवाजातली. लिंकिन पार्क तो स्पीकरवर ऐकायचा आणि भीमगीतं हेडफोन लावून. रिंगटोन तेवढी उघड्यावर. मे २०१५मध्ये, आमची परीक्षा चालू असताना, शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. भांडण मोबाइलच्या रिंगटोनवरून सुरू झालं, बाबासाहेबांवरच्या गाण्यावरून, असं बातम्यांत आलं. त्या रात्री मी रूममेटला म्हणालो, "रिंगटोन बदल बे. उगी कशाला." मला वाटलं मी काळजी करतोय. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि खरंच बदलली. लिंकिन पार्कचं 'नंब' लावलं.

वर्षभरानं 'सैराट' आला. हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड केलेला ऑर्केस्ट्रा, त्यावर 'झिंगाट', आणि अख्खं हॉस्टेल जिन्यात नाचलं, फ्लॉइडवालेसुद्धा. गावाकडचं वाजवायला आता लाज नव्हती. तोही नाचला. रिंगटोन मात्र 'नंब'च राहिली, इंजिनिअरिंग संपेपर्यंत.

पोचिराम कांबळे हे नाव मला त्याच्याच हेडफोनमधून कळलं. तोही विषय मीच काढला होता, हे कुठलं गाणं म्हणून. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे नांदेड जिल्ह्यातले, त्यांना त्या ऑगस्टमध्ये मारलं. नोव्हेंबर १९९३मध्ये नांदेड शहरात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. मी लातूर जिल्ह्यात वाढलो, नांदेडला शिकलो, आणि यातलं काहीही मला शाळेत, घरात, पारावर कुणी सांगितलं नव्हतं. गाण्यांत सगळं होतं. नावं, गावं, तारखा. ज्या फोल्डरला आम्ही हात लावत नव्हतो त्यात आमच्याच जिल्ह्यांचा इतिहास होता. बॉब डिलननं अशीच गाणी लिहिली, त्याला २०१६ साली नोबेल मिळालं. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे २००४च्या मे-जूनमध्ये दीड महिन्याच्या आत एकामागोमाग गेले. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे, मीही दोनदा तिथं फोटो काढून आलोय. शिंदे गेले त्या दिवशी आमच्या देवळावर काय वाजलं ते मला आठवत नाही. बहुतेक रोजचंच वाजलं असेल, त्यांचंच.

१ जून २०२३ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत, लग्नाची वरात चालू असताना, एका चोवीस वर्षांच्या तरुणाला मारलं. गावात पहिल्यांदा आंबेडकर जयंतीची मिरवणूक काढली याचा तो राग होता, अशी घरच्यांची फिर्याद आहे. मी पुण्यात होतो. मोबाइलवर बातमी वाचली आणि रूममेटला मेसेज टाकायला घेतला. काय लिहायचं ते सुचेना. आठ वर्षांपूर्वी त्याला काय सांगितलं होतं ते आठवलं, मेसेज पुसला. तो आता हैदराबादला असतो. ऑफिसात मी "मोठा पॉप सिंगर" म्हणून जो वाद घालतो, त्यात नुकसान झालंच तर माझ्या इमेजचं होतं.

यंदा आषाढीला गावी गेलो होतो. भोंगा आता नाही, आबाही नाहीत. अण्णांच्या फोनवर यूट्यूब असतं. सकाळी त्यांनी प्रल्हाद शिंद्यांचं विठ्ठलाचं गाणं लावलं आणि फोन देवळीत ठेवून दाढी करायला बसले. गाणं संपलं. यूट्यूबनं आपणहून पुढचं लावलं, गायक तोच, गाणं बाबासाहेबांचं. त्याला आमच्या गावाची दोन टोकं माहीत नाहीत, गायकाचं नाव तेवढं माहीत आहे. मी फोनच्या जवळ होतो. हात पुढे गेला, खरं सांगतो, सवयीनं. अण्णांनी आरशातून बघितलं. गालावर साबण तसाच.

"राहू दे," म्हणाले. मग दाराकडे बघून, "पण आवाज बारीक कर."